आहेर पोचला

१

सोमशेखरला कुणी कंजूष म्हटलं असतं, तर त्याच्याशी भांडायला अर्धं सोलापूर धावून आलं असतं. देण्याघेण्यात त्याचा हात कायम सैल. लग्न असो, बारसं असो, कुणाची घरभरणी असो नाहीतर दवाखाना, सोमशेखरचा आहेर सगळ्यांच्या आधी पोचायचा. आहेराबरोबर सोमशेखर मात्र पोचायचा नाही.

त्याची बायको रत्नम्मा होती तोवर हा प्रश्नच नव्हता. जाणं-येणं हे तिचं खातं. आहेराची पिशवी मांडीवर धरून ती स्कूटरवर मागं बसायची, मांडवात शिरली की बायकांत मिसळून जायची आणि हा तिच्या मागोमाग आपोआप आत ओढला जायचा. ती गेल्यावर तो एकदाच एका लग्नाला गेला. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या माणसानं सहज विचारलं, "एकटेच आलात?" विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण सोमशेखर पंगतीला बसलाच नाही. अक्षता टाकल्या आणि मागच्या बाजूनं बाहेर पडला. त्यानंतर तो कुठंच गेला नाही.

त्यात फोन मदतीला आला. पूर्वी आहेर द्यायला माणूस लागायचा, आता अंगठा पुरतो. मुलीनं, काव्यानं, एका सुट्टीत त्याला सगळं शिकवलं. नंबर टाकायचा, नाव बघून घ्यायचं, मग रक्कम. तो पटकन शिकला, कारण पाठवणं त्याच्या अंगवळणीच पडलेलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यात त्यानं उभी हयात माल रवाना करण्यात घालवली होती. गाठी बांधायच्या, वर गावाचं नाव घालायचं, मालमोटारीत चढवून द्यायच्या. त्यातलं एकही गाव त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

रकमेवर तो न चुकता एक रुपया चढवायचा, त्याशिवाय आहेराला आहेर म्हणत नाहीत. आणि खाली निरोप लिहायच्या जागेत प्रत्येक वेळी एकच वाक्य लिहायचा. 'मी आलोच असं समजा.'

थोरल्या बहिणीनं, सिद्धेश्वरीनं, मंद्रूपला नवं घर बांधलं. घरभरणीचं आवतण तिनं फोनवर तीनतीनदा दिलं. सोमशेखरनं त्या दिवशी सकाळी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, पैसे पाठवले आणि वाक्य लिहिलं. हिरवी खूण आली. मग त्यानं शेंगाचटणी आणि कडक भाकरी ताटात घेतली आणि टीव्ही लावला. टीव्ही बघायला नव्हे, घरात कुणीतरी बोलावं म्हणून तो लावायचा.

२

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला.

"पोचलास का नीट?"

"पोचले ना पैसे, अक्का?"

"पैसं पोचलं रे. मी तुझं इचारतीया. ऊन लई व्हतं, म्हनलं भर दुपारचा निघालास, कुटं चक्कर-बिक्कर आली का काय."

सोमशेखर हसला. अक्काचा टोमणा मारायचा हात जुना. न आलेल्याला आलास म्हणून चिमटा काढायचा, म्हणजे पुढच्या वेळी मुकाट्यानं येईल. "चुकलंच अक्का," तो म्हणाला. "यायला पाहिजे होतं."

"आता आनि काय यायचं? आलास की! पोटभर जेवलास, गव्हाची हुग्गी दोनदा मागून घेतलीस. मला लई बरं वाटलं बग. रत्नम्मा गेल्यापास्नं पयल्यांदा माज्या दारात तुजं पाऊल लागलं." तिचा आवाज भरून आला. टोमणा मारताना अक्काचा आवाज कधी भरून येत नाही, हे सोमशेखरला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"येकच इचारायचं व्हतं. रागावू नगंस. तुज्या शेजारचा पाट कुनाला का बसू दिला न्हाईस? सूनबाई बसाय आली तर हात आडवा घातलास. तिला वाईट वाटलं की."

"मी?"

"मग काय मी? आनि येवढा येळ बसलास, तोंडातनं चार शब्द न्हाईत. बोलत जा रं जरा. एकटं राहून राहून मुका हुशील."

फोन ठेवल्यावर सोमशेखरनं मनाशी हिशेब मांडला. अक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाहुण्यांची गर्दी, मांडवातला अंधार-उजेड, कुणीतरी त्याच्या वयाचा, त्याच्या अंगलटीचा माणूस. तिकडच्या सोयऱ्यांत निम्मे लोक एकमेकांसारखेच दिसतात. झालं असेल. त्यानं स्वतःला हे इतकं पटवून दिलं, की संध्याकाळी काव्याचा फोन आला तेव्हा ते तिला गंमत म्हणून सांगायचंही ठरवलं. पण सांगितलं नाही.

काव्या रोज दिवेलागणीला फोन करायची. वैरागहून, सासरहून. "जेवलात का, अप्पा?" एवढंच विचारायची. तेवढ्या एका प्रश्नासाठी तो दिवसभर थांबलेला असायचा.

३

भाच्यानं घरभरणीचे फोटो पाठवले. गाय आत नेतानाचा, स्वामींची पाद्यपूजा, मग पंगतीचा. सोमशेखर एकेक फोटो बोटानं मोठा करून बघत होता. पंगतीच्या फोटोत सगळे चेहरे समोर होते. शेवटी, खांबाच्या आड, एक माणूस पाठमोरा बसला होता. खांद्याचा तुकडा, मानेची रेघ आणि निळ्या चौकड्यांचा सदरा. त्याच्या शेजारचा पाट रिकामा होता. पाटासमोर पान मांडलं होतं आणि पानावर सगळं वाढलेलं होतं.

तो सदरा सोमशेखरला ओळखीचा होता. रत्नम्मानं नव्या पेठेतून आणला होता. कॉलर विरल्यावर तिनंच ती उलटून शिवून दिली होती. ती गेल्यावर कपाट उघडलं की तोच सदरा आधी डोळ्यांसमोर यायचा, म्हणून एक दिवस त्यानं तो इमारतीच्या वॉचमनला देऊन टाकला. वॉचमन पुढं गाव सोडून गेला.

निळ्या चौकड्यांचे सदरे काय बाजारात कमी असतात? त्यानं फोटो आणखी मोठा केला. मोठा केला तशी कॉलर फुटून नुसते ठिपके झाले. आता काही कळत नव्हतं आणि काही कळलं नाही याचंच त्याला बरं वाटलं.

मग एक वेगळीच शंका आली, आणि ती जास्त वाईट होती. मीच तर गेलो नव्हतो ना? गेलो, जेवलो आणि विसरलो? माणसं विसरतात. कारखान्यातले जुने मुकादम शेवटी शेवटी स्वतःच्या मुलाला नमस्कार घालायचे. तो खाली वाण्याकडं गेला आणि साबणाची वडी मागता मागता म्हणाला, "परवा दुपारी मी कुठं होतो हो?"

वाणी हसला. "काका, भर दुपारी शटर वाजवून साखर नेली की तुम्ही. माझी झोपमोड केली आणि मलाच विचारताय व्हय?"

डोकं ठिकाणावर होतं. तो जिना चढताना हलका झाला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो हलकेपणा गेला, कारण डोकं ठिकाणावर असेल तर मग पाटावर कोण बसलं होतं, हा प्रश्न तिथंच दारात उभा होता.

अक्काला सांगावं तर पंचाईत. नव्या घराच्या पहिल्या पंगतीला कोण जेवून गेलं या धसक्यानं ती अंथरूण धरेल, नाहीतर याला वेड लागलं म्हणून गावभर करेल. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? तो गप्प बसला. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट होती. अक्कानं नंतर दोनदा फोन करून त्याच्या येण्याचं कौतुक केलं, भाच्यानं केलं, सूनबाईनंही राग विसरून केलं. इतकं गोड त्याच्याशी कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं. ते आपलं नाही हे माहीत असून त्यानं ते ठेवून घेतलं.

४

त्यानंतर ईश्वर आजारी पडला.

ईश्वर हा त्याचा कारखान्यातला दोस्त. दोघांनी एकाच टपरीवर चहा पिऊन केस पांढरे केलेले. त्याच्या छातीत दुखलं आणि मुलानं, प्रदीपनं, त्याला शहरातल्याच एका दवाखान्यात ठेवलं. सोमशेखरच्या घरापासून चालत जाण्यासारखा. पण त्याच दवाखान्याच्या लांबलचक बोळातल्या बाकावर सोमशेखरनं रत्नम्मासाठी रात्री काढल्या होत्या. तो चपला घालून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेला आणि परत आला. प्रदीपच्या नंबरावर पैसे टाकले. निरोपाची जागा आली तेव्हा अंगठा आपल्या सवयीनं चालला. हिरवी खूण आल्यावर त्यानं वाचलं, तर खाली तेच वाक्य होतं. पण पाठवलेलं परत घेता येत नाही.

घरी सोडल्यावर पंधरवड्यानं ईश्वर स्वतःच त्याच्याकडं आला. कठड्याला धरून, मजल्यामजल्यावर थांबत.

"जय भीम, शेखर."

"शरणु. अरे, तू कशाला चढलास? मला बोलवायचं."

"तुला बोलवून तू येतोस व्हय?" ईश्वर खुर्चीत टेकला, दम घेतला आणि त्याच्याकडं टक लावून बघत राहिला. "पण आलास. त्या दिवशी सबंध दुपार माझ्या पायथ्याशी बसलास. पाय दाबलेस माझे. लाज वाटली मला, गड्या. पोरगं होतं बाहेर, त्यानं बी बघितलं."

सोमशेखर चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि गॅसजवळ नुसता उभा राहिला. आयुष्यात त्यानं कुणाचे पाय दाबले नव्हते. रत्नम्माचेसुद्धा नाहीत.

बाहेरून ईश्वरचा आवाज आला. "एक सांगू? तुझा हात फिरत होता ते कळत होतं मला. बरं वाटत होतं. पण पायावर चादर होती, आपल्याच कारखान्याची, जाड. ती दबत नव्हती. मी मुद्दाम बघत होतो. तू दाबत होतास आणि चादर जशीच्या तशी."

चहा झाला नाही. सोमशेखर बाहेर येऊन त्याच्यासमोर बसला. "ईश्वर, तो मी नव्हतो."

ईश्वरनं मान हलवली. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"असंल. मला त्या दुपारी कुणीतरी पाहिजे होतं. आणि तू तर येणार नव्हतासच."

असं बोलणं फक्त जुन्या दोस्तालाच जमतं. सोमशेखरच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. त्यानं सगळं सांगितलं, मंद्रूपचं, पाटाचं, सदऱ्याचं. लिहायच्या वाक्याचंही सांगितलं. ईश्वर ऐकत होता. शेवटी म्हणाला, "माझ्यानंतर कुणाला पाठवलेस?"

सोमशेखरचा चेहराच उतरला.

५

काव्याला मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माहेरात आई नाही, एक म्हातारा, एक टीव्ही आणि पाणी एक दिवसाआड. काव्याच्या सासूबाई, गुरम्मा, मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, आमच्या वैरागलाच होऊ दे. सोमशेखरनं सुटकेचा श्वास टाकला होता, आणि टाकल्याचं त्याला अजून खुपत होतं.

बारशाला पाळणा, कुंची, वाळे हे सगळं आजोळचं. ते कसं आणायचं, कुणाबरोबर न्यायचं, मांडवात कुठं उभं राहायचं, याचा त्यानं आठवडाभर विचार केला आणि पैसे टाकून दिले. तुझ्या पसंतीनं घे. आणि खाली, अंगठ्याच्या सवयीनं, ते वाक्य.

त्या संध्याकाळी काव्या फोनवर रडली होती. "अप्पा, मला वाळे नकोत. तुम्ही या. तिला कुणाच्या तरी मांडीवर द्यायचीय मला, आपल्याकडच्या." तो म्हणाला होता, बघतो. बघतो म्हणजे येत नाही, हे तिलाही माहीत होतं. ती जरा थांबून म्हणाली होती, "बरं. जेवलात का?"

आता ईश्वर समोर बसला होता आणि बारसं उद्यावर आलं होतं.

"तू जा," ईश्वर म्हणाला. "त्याच्या आधी जा. आपल्या जागेवर आपण जाऊन बसावं, म्हणजे दुसरं कुणी बसत न्हाय."

अक्काचं कौतुक त्यानं जाऊ दिलं असतं. ईश्वरचे पाय कुणी का दाबेना. पण काव्या हातची गेली तर 'जेवलात का' विचारणारं जगात कुणी राहत नव्हतं. आणि त्या तान्ह्या पोरीला कुणाच्या हाती देतील, ज्याच्या हातानं चादरसुद्धा दबत नाही त्याच्या? सोमशेखरनं त्याच दुपारी बाजारातून चांदीचे वाळे आणले. पैसे रोख दिले.

६

सकाळच्या एसटीनं तो निघाला. खिडकीतून ज्वारीची रानं मागं जात होती आणि त्याला बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटत होतं. काव्या दारात दिसेल, आधी रागावेल, मग पोरीला आणेल. आपण म्हणायचं, नाक आजीवर गेलंय. मग ते नाक कसंही असो. गाडी वाटेत बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत ऊन चढलं. तरी तो घाबरला नाही. वैरागच्या स्टँडवर उतरला तेव्हा वाळ्यांची डबी त्याच्या खिशात घामानं ओली झाली होती.

घरापुढं छोटा मांडव होता. आतून पंगतीचा गलका येत होता. पाण्याची घागर घेऊन गुरम्मा बाहेर आल्या, त्याला बघितलं आणि तोंडभर हसल्या.

"अवो व्याही, हात धुवायला केवढा वेळ? या की आत. नातीला मांडीवरनं उतरवून ठेवली म्हणून रडाय लागलीया बघा."

त्या घागर घेऊन पुढं गेल्या. सोमशेखर पायरीशी उभा राहिला. चपला काढायला खाली वाकला. तिथं ढीगभर चपलांच्या कडेला एक जोड नीट भिंतीला लावून ठेवला होता, त्याच्या सवयीसारखा. तपकिरी, डाव्या टाचेला बाहेरून झिजलेला. त्यानं आपल्या चपला काढल्या. त्याही तपकिरी होत्या आणि डावी टाच तशीच झिजली होती. दोन्ही जोड शेजारी शेजारी राहिले.

चौकटीपर्यंत तो गेला. पुढं पाय उचलेना.

आतल्या सोप्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. पंगत उठत आली होती. पलीकडच्या भिंतीकडं तोंड करून एक माणूस बसला होता. निळ्या चौकड्यांचा सदरा. कॉलर उलटून शिवलेली, टाके काळ्या दोऱ्याचे. निळा दोरा संपला म्हणून रत्नम्मानं काळा घेतला होता. हे टाके फोटोत दिसले नव्हते. डोक्यावर मागच्या बाजूला विरळ केसांतून कातडी दिसत होती. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. सोमशेखरला ती दिसत होती, आणि ती किती एकट्या माणसाची पाठ आहे हेही दिसत होतं.

त्याच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती. लोक वळसा घालून जात होते. तो बसला होता तिथं सतरंजीला सुरकुती नव्हती.

काव्या वाकून त्याच्या मांडीवर बाळ ठेवत होती. ती हसत होती. आई गेल्यापासून सोमशेखरनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "आता जायचं नाही, अप्पा," ती म्हणत होती. "ओसरीवरची खोली रिकामीच आहे. तुम्ही इथं राहायचं. मला रोज फोन करायला लावू नका."

पाठमोरं डोकं हळूच हललं. हो म्हणून.

एक हाक मारली असती तर झालं असतं. सोमशेखरनं तोंड उघडलंसुद्धा. काव्या मान वर करील. एक बाप मांडी घालून बसलेला, एक दारात. ती किंचाळेल. पण कुणाकडं बघून किंचाळेल? तिच्या आजारपणात, तिच्या बाळंतपणातही जो आला नाही त्याच्याकडं, का जो आला त्याच्याकडं? हे कळून घ्यायची त्याला हिंमत झाली नाही.

तेवढ्यात त्या माणसानं मागं न बघता डावा हात उचलला आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर आडवा धरला. कुणी बसू नये म्हणून धरतात तसा. सोमशेखर दारात आहे हे त्याला माहीत होतं.

सोमशेखर मागं सरला. पायाला लागतील त्या चपला घालून स्टँडच्या वाटेला लागला. बसमध्ये बसल्यावर त्याला वाटलं, चपला जरा सैल होतायत. त्यानं खाली बघितलं नाही.

७

त्या संध्याकाळी काव्याचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. येणार नव्हता, हे त्याला समजत होतं. बाप ओसरीवर बसलेला असताना कुणी फोन करून विचारतं का, जेवलात का म्हणून?

ईश्वरला त्यानं खोटंच सांगितलं. गेलो, बसलो, पोर गोड आहे. वाळ्यांची डबी देवाच्या फळीवर ठेवून दिली. टीव्ही लावणं बंद केलं, कारण टीव्ही चालू असला की फोनची रिंग ऐकू येणार नाही. घर इतकं गप्प झालं, की खालच्या वाण्याचा तराजू वर ऐकू यायचा. त्यानं किती वेळा काव्याचा नंबर काढला आणि बोट मागं घेतलं. फोन तिनं उचलला तर काय बोलायचं? आणि तिनं न उचलता दुसऱ्याच कुणी उचलला तर?

शेवटी एका दुपारी त्यानं जे येत होतं ते केलं. नातीच्या नावानं थोडे पैसे काव्याला पाठवले. वर रुपया चढवला नाही. खाली काही लिहिलं नाही. निरोपाची जागा कोरी ठेवली. मी इथं आहे, एवढंच तिला कळावं. हिरवी खूण आली.

आणि फोन वाजला.

"अप्पा!" काव्या हसत होती. मागं कुकरची शिट्टी झाली. "हे काय आता? ओसरीवर बसून मला पैसे पाठवताय? तुमची ती सवय काही जायची नाही."

"काव्या," तो म्हणाला. "मी सोलापुरात आहे. घरी. मी इथंच आहे गं, पोरी."

हसणं थांबलं.

"कुठं?"

"आपल्या घरी. खुर्चीत. तू आत्ता ओसरीवर जाऊ नकोस. आधी बाळाला घे. बाळ कुठंय?"

फोन तिच्या हातातच होता. तिची पावलं ऐकू आली, पैंजणांसकट, आधी फरशीवर, मग उंबऱ्याशी थांबलेली. दूरवरून तिची हाक आली, जपून मारलेली.

"अप्पा?"

"काय गं?"

सोमशेखरनं फोन कानाशी घट्ट धरला. आवाज त्याचाच होता. फक्त त्याच्यापेक्षा निवांत, घरात माणसं असलेल्या माणसाचा. पाळण्याच्या कड्या करकरत होत्या, कुणीतरी सावकाश झोका देत होतं. बाळ रडत नव्हतं.

पैंजण परत आले. काव्या फोनवर आली तेव्हा तिचा स्वर बदललेला होता, दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावा तसा.

"कोण बोलतंय?"

त्यानं सांगायचा प्रयत्न केला. नाव सांगावं तर ते नाव तिकडं ओसरीवर बसलेलं होतं. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन गड्ड्याच्या जत्रेत फिरवल्याचं सांगावं, तर तेही तिकडं ठाऊक असणार. आणि समजा पटलंच तिला, तर त्या घरात, त्या पाळण्याशेजारी, तिनं पुढचा क्षण कसा काढायचा? त्याच्या ओठांतून नुसता श्वास बाहेर पडला.

"कोण पाहिजे तुम्हाला?" काव्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं.

मागून तो निवांत आवाज आला. "कुणाचा फोन गं?"

सोमशेखर तिचा श्वास ऐकत होता.

"कुणाचा नाही, अप्पा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.